माल आपला, नाव आपले: वऱ्हाडातील छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी एक प्रस्तावना

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतला छोटा ऑनलाइन विक्रेता ओळखायला एक खूण पुरेशी आहे: पाकिटावर त्याचे स्वतःचे नाव असते आणि ते पाकीट कोणाच्या घरी गेले हे त्याला ठाऊक असते. माल कुठलाही असो. गच्चीवर वाळवलेल्या कुरडया आणि सरगुंडे, कांडलेली मिरची, तूरडाळ, चिखलदऱ्याची कॉफी, मेळघाटातला मध, नांदगाव पेठच्या घाऊक बाजारातून आणलेल्या कुर्ती, सगळे यात येते. जागा बहुधा घरातली एक खोली किंवा दुकानामागचे गोदाम. माणसे दोन-चार, त्यातली निम्मी घरचीच. नाव आणि गिऱ्हाइकाची ओळख या दोन गोष्टी वर्षागणिक वाढत गेल्या, तर त्याचा ब्रँड वाढतो. त्या वाढल्या नाहीत, तर ऑर्डरी कितीही येवोत, तो दुसऱ्याच्या बाजारात माल भरणारा पुरवठादारच राहतो. या पुस्तकाचा सगळा विचार या एका फरकाभोवती उभा आहे.

वऱ्हाडाला दूरचे गिऱ्हाईक नवे नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकशरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापूस ‘ऊमरा’ नावाने ओळखला जाऊ लागला, आणि ते नाव अमरावतीवरून आले होते. दीडशे वर्षांपूर्वी हे गाव जागतिक व्यापारात एका मालाची ओळख बनले होते. त्या ओळखीची किंमत मात्र गाठी बांधून बोटीवर चढवणाऱ्या पेढ्यांनी वसूल केली. जिनिंगमध्ये सरकी निघाली की कापूस कोणत्या शेतातला हा प्रश्नच उरत नसे, आणि शेतकऱ्याच्या हाती येई तो अडत-हमाली वजा केलेला चुकारा. पुढे संत्र्याचे आणि तुरीचे तेच झाले. वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, पण तिथले फळ परप्रांतांतल्या बाजारांत नागपुरी संत्रे म्हणूनच विकले जाते. अकोल्याच्या डाळ मिलांतली तूरडाळ पोत्यांतून बाहेर पडते आणि दुसऱ्या शहरात कोणाच्या तरी छापील पिशवीत शिरते. माल वऱ्हाडचा आणि नाव भलत्याचेच, ही रीत इतकी मुरली आहे की ती मोडायची म्हटले तरी अनेकांना नवल वाटते.

घरपोच विक्रीचा इतिहासही इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही.पी. सुरू केली: पार्सल पोस्टमनने न्यायचे, पैसे त्याने वसूल करायचे आणि विक्रेत्याकडे पाठवायचे. मराठी पुस्तकविक्रेते, पंचांगकर्ते आणि आयुर्वेदिक औषधांचे कारखाने वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन याच मार्गाने गावोगाव पोचले. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीचे सगळे गुणदोष त्या व्यवस्थेत होते. न पाहिलेल्या दुकानदारावर गिऱ्हाईक विश्वास ठेवी, कारण पैसे माल दारात आल्यावर द्यायचे असत. आणि मन बदलले तर ते पार्सल नाकारी, तेव्हा जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी बसे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. आज अकोला, अमरावती, वाशीम हा मुलूख ४४४ या पहिल्या तीन आकड्यांनी ओळखला जातो, आणि कुरिअरचा दर, माल पोचायला लागणारे दिवस, रोखीने ऑर्डर घ्यायची की नाही, हे सारे निर्णय कंपन्यांची यंत्रे पिन कोडच्या सहा आकड्यांवरूनच घेतात.

छोट्या उत्पादकाला बाजारात उभे करण्याचा वैचारिक प्रयत्नही शेजारीच झाला. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी गावच्या धंद्याचे अर्थशास्त्र मांडले. गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी तोच विचार कीर्तना-भजनांतून वऱ्हाडच्या घराघरात नेला. या परंपरेने वस्तूच्या शुद्धतेवर आणि करणाऱ्याच्या मजुरीवर भर दिला. विक्रीची बाजू मात्र तिने भांडारांवर आणि सदिच्छेवर सोडली. १९५९ मध्ये मुंबईत सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाने ती बाजू भरून काढली. एकच वस्तू, एकच चव, एकच नाव आणि वर्षानुवर्षे तेच पाकीट. बचत गटांच्या चळवळीने लिज्जतचे नाव पुष्कळ घेतले. एका वस्तूला चिकटून राहण्याचा तिचा हट्ट मात्र फारसा उचलला नाही. आजही एकाच गटाच्या टेबलावर लोणचे, अगरबत्ती, पणत्या आणि मसाला शेजारी शेजारी दिसतो.

इंटरनेटवरची भारतीय दुकानदारी २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळांनी सुरू झाली. २००७ मध्ये फ्लिपकार्ट पुस्तके विकत बाजारात उतरले, २०१० मध्ये त्याने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि क्रेडिट कार्ड नसलेला मध्यमवर्ग ऑनलाइन खरेदीकडे वळला. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान मांडले. तोवर अमरावती-अकोल्याचा माणूस या व्यवस्थेत फक्त गिऱ्हाईक होता. तो विक्रेता होऊ लागला २०१६ नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आणि सप्टेंबरमध्ये जिओ आले. पैसे घेणे फुकट झाले, डेटा स्वस्त झाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने घरबसल्या पुनर्विक्री करणाऱ्या बायकांची मोठी फळी उभी केली आणि २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण स्वीकारले. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आले. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली तेव्हा ज्यांनी निव्वळ नाइलाजाने पार्सले पाठवायला सुरुवात केली, त्यांतले काही जण दुकाने उघडल्यावरही थांबले नाहीत. आजच्या छोट्या विक्रेत्यांत त्यांचा वाटा मोठा आहे.

या वाटचालीत विक्रीचे चार प्रवाह तयार झाले. त्यांच्यात वाद आहेत, आणि नवख्या माणसाला प्रत्येक प्रवाहाचा सल्लागार आपलीच वाट खरी असे सांगतो.

पहिला प्रवाह मोठ्या बाजारपेठांचा, म्हणजे अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोचा. गिऱ्हाईक तिथे आधीच आलेले असते, पैसे बुडत नाहीत, पिकअपला माणूस दारात येतो. नांदगाव पेठला बिझिलँड, सिटीलँडसारख्या कापडाच्या घाऊक बाजारपेठा आहेत. तिथून माल उचलणाऱ्या कपडेविक्रेत्याला हाच मार्ग पहिला सुचतो. पण बाजारपेठेत गिऱ्हाईक बाजारपेठेचे असते. त्याचा फोन नंबर विक्रेत्याला मिळत नाही, आणि दुसऱ्यांदा खरेदी करताना त्याला विक्रेत्याचे नाव आठवत नाही. शिवाय चाललेल्या वस्तूची नक्कल महिन्याभरात शेजारी उभी राहते. सुरतेचा विक्रेता तीच कुर्ती तीस रुपयांनी खाली आणतो, मग हाही खाली येतो. ही घसरण कुठे थांबवायची याचे उत्तर ज्याच्याकडे आधीपासून नसते, तो शेवटी कुरिअर कंपनीसाठी धंदा करू लागतो.

दुसरा प्रवाह स्वतःच्या वेबसाइटचा. यात नाव आपले, गिऱ्हाईक आपले, भावही आपला. फक्त रस्त्यावर कोणी नसते. गिऱ्हाईक आणायला इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा गूगलवर जाहिरात द्यावी लागते, आणि एकेक नवे गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च पहिल्या ऑर्डरच्या नफ्याहून जास्त होऊ शकतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरीत भरून निघतो. म्हणून ज्या वस्तूची पुन्हा पुन्हा गरज पडते, तिलाच ही वाट मानवते. मसाला मानवतो, लग्नाचा शालू मानवत नाही.

तिसरा प्रवाह व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर बोलून विकण्याचा. वऱ्हाडात रुजला तो हा. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत नोकरीसाठी गेलेल्या वऱ्हाडी घरांची संख्या मोठी आहे. त्यांना गावचा ठेचा, ज्वारीचे पापड, भिवापुरी मिरचीचे तिखट हवे असते, आणि ते ओळखीतल्या माणसाकडून हवे असते. या मार्गाला सुरुवातीचा खर्च नाही, पैसे आगाऊ येतात, माल परत येणे जवळपास नसते. मर्यादा वेळेची. दिवसाला दहा ऑर्डरींपर्यंत चॅटवर सांभाळता येते. पुढे पत्ते चुकतात, कोणाचे पैसे आले हे वहीत सापडत नाही, एकाला दोनदा माल जातो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट ज्यांनी विक्रेत्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो, ही साधी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पहिल्या पार्सलमध्ये ‘नंबर जतन करा’ एवढी चिठ्ठी घालणारा विक्रेता वर्षअखेरीस इतरांच्या बराच पुढे असतो.

चौथा प्रवाह सामूहिक विक्रीचा. १९७५ मध्ये स्थापन झालेले माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि २०११ मध्ये सुरू झालेले उमेद अभियान बचत गटांसोबत काम करत आहेत. २००३ पासून कायद्याने शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. २०२० मध्ये आलेल्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला यंत्रसामग्रीसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. ओएनडीसी हे खुले जाळे २०२१ च्या अखेरीस कंपनी म्हणून नोंदले गेले; एका अ‍ॅपवरचा विक्रेता दुसऱ्या अ‍ॅपवरच्या गिऱ्हाइकाला दिसावा हा त्याचा हेतू. एकत्र खरेदी, एकत्र दळण, एकत्र पॅकिंग यांचा फायदा निर्विवाद आहे. दुबळेपणा विक्रीनंतरच्या कामात दिसतो. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गटाचा माल हातोहात खपतो, पण घेणाऱ्याचा नंबर कोणी लिहून घेत नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत ते गिऱ्हाईक हरवलेले असते. गटाचा फोन कोणाकडे राहील, तक्रारीला उत्तर कोण देईल, हे आधी ठरले पाहिजे. अनुदानाच्या अर्जात या प्रश्नाला जागा नसते.

चारही वाटांचा विचार करता खाद्यपदार्थ विकणाऱ्याने तिसऱ्या वाटेने सुरुवात करावी, पुन्हा मागवणारी शे-दोनशे घरे जमली की स्वतःची साधी वेबसाइट करावी, आणि बाजारपेठेत एक-दोन वस्तूच ठेवाव्यात, असा या पुस्तकाचा कल आहे. कपड्यांत क्रम उलटा लागतो. तिथे गिऱ्हाईक शोधत येते ते बाजारपेठेतच.

मात्र वाट निवडण्याआधी हिशेब मांडावा लागतो, आणि वऱ्हाडच्या मालाबाबत हा हिशेब वजनापाशी अडतो. समजा, एक किलो तूरडाळीचे पाकीट २०० रुपयांना विकले. डाळीची खरेदी १२०, पिशवी-खोका १२, कुरिअर ७०. बेरीज २०२ झाली. ऑर्डर आली आणि दोन रुपये गेले. दोन किलोचे पाकीट ४०० ला गेले तर माल २४०, पॅकिंग १८, कुरिअर १००, आणि हाती ४२ रुपये उरतात, तेही कमिशन आणि जाहिरात धरली नाही तर. आता तिखट, हळद, काळा मसाला आणि ठेचा यांचा मिळून पाऊण किलोचा संच ४५० रुपयांना विकला असे धरू. माल १९०, पॅकिंग २०, कुरिअर ६०, उरले १८०. मेहनत तिन्ही ठिकाणी सारखीच, पण फळ निराळे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलमुळे गावातच डाळ करता येते, तेव्हा प्रक्रियेची अडचण राहिलेली नाही. अडचण आहे जड आणि स्वस्त वस्तू एकेकट्या पाकिटाने दूर पाठवण्याची. डाळीचा ब्रँड करायचा असेल तर तो पाच-दहा किलोच्या वर्षभराच्या साठवणीवर, आसपासच्या शहरांत, गाडीने पोचवून उभा राहू शकतो.

हलक्या वस्तूलाही सापळा आहे. कुरिअर कंपन्या खऱ्या वजनाबरोबर आकाराचे वजनही काढतात: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचे, दोन्हींत जे जास्त त्यावर दर लागतो. तीस बाय तीस बाय वीसच्या खोक्यात एक किलो कुरडया भरल्या, तर कंपनीच्या लेखी ते ३.६ किलोचे पार्सल असते. खोका लहान करावा तर कुरडयांचा भुगा होतो. यावर उपाय खोक्याच्या मापाने कुरडई घालण्याचा, म्हणजे सोऱ्यातून ती लहान आणि सारख्या आकाराची पाडून थरावर थर बसवण्याचा. उन्हाळ्यात वाळवणे घालतानाच दिवाळीच्या पार्सलाचा खोका ठरलेला असावा लागतो.

तिसरी गळती परतीची. वरच्या मसाल्याच्या उदाहरणात दहा ऑर्डरींपैकी दोन पार्सले दारातून परत आली, आणि प्रत्येकी जाण्याचे ६० व येण्याचे ५० रुपये गेले, तर आठ ऑर्डरींच्या १,४४० रुपयांतून २२० वजा होतात. हाती १,२२० राहतात, म्हणजे पोचलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे १८० ऐवजी साधारण १५२. कपड्यांत परतीचे प्रमाण याहून वाढते, कारण माप चुकते आणि फोटोतला रंग हातातल्या रंगाशी जुळत नाही. छाती, कंबर, उंची इंचांत लिहिणे, कापड खिडकीतल्या उजेडात दाखवणे आणि रोखीच्या ऑर्डरीला पाठवण्यापूर्वी एक फोन करणे ही कंटाळवाणी कामे आहेत, पण जाहिरातीपेक्षा जास्त पैसा तीच वाचवतात. या मुलखातला उन्हाळाही विसरून चालत नाही. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या दिवसांत तेलाचा ठेचा, गुळाची पोळी किंवा चॉकलेटचे पाकीट कुरिअरच्या बंद गाडीत दोन दिवस राहिले तर काय होईल याची चाचणी विक्रेत्यानेच आधी करायला हवी.

मालाला नाव देण्याच्या बाबतीत वऱ्हाडी विक्रेता बहुधा गावाच्या नावावर विसंबतो. शेगावची कचोरी हा यातला धडा आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर ती रुजवली. आज ‘शेगाव कचोरी’ ही पाटी राज्यभर दिसते, आणि ती लावणाऱ्यांतल्या बहुतेकांचा शेगावशी संबंध नसतो. गावाचे नाव विश्वास मिळवून देते. एकट्याची मालकी मात्र देत नाही. ‘वऱ्हाडी’, ‘विदर्भ’, ‘मेळघाट’ असल्या शब्दांवर एका विक्रेत्याला ट्रेडमार्कचा हक्क मिळणे अवघड असते. म्हणून गावाचे नाव वर्णनात असावे आणि पाकिटावरचे मुख्य नाव स्वतंत्र, उच्चारायला सोपे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत एकाच रीतीने लिहिता येईल असे असावे. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होते. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. मसाले तिसाव्या वर्गात येतात, कपडे पंचविसाव्या. पहिल्या हजार पिशव्या छापण्याआधी हे नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे का ते नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. छापून झाल्यावर पाहणारे फार.

कायद्याची बाजू रूक्ष असली तरी तिला बगल देता येत नाही. घरगुती असले तरी खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर असावे लागते, आणि यातली बहुतेक माहिती वेबसाइटवरही द्यावी लागते. २०२४ च्या अखेरीस एफएसएसएआयने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बजावले की खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याची निदान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. महिनाभर टिकणाऱ्या चिवड्याचे गणित त्याने बदलते. जीएसटीत सर्वांत मोठा गैरसमज ४० लाखांच्या मर्यादेबद्दल आहे. वस्तूंची उलाढाल त्याहून कमी असली तरी परराज्यात माल विकताच नोंदणी लागते, आणि अमरावतीहून मध्य प्रदेशची हद्द काही तासांवर आहे. राज्यातल्या राज्यात बाजारपेठेवर विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना, फक्त नावनिशी देऊन विकण्याची मुभा मिळाली. डाळीला आणखी एक गाठ आहे: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळीच्या पाकिटावर ५ टक्के कर लागतो, सुट्या डाळीवर लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र कपडेविक्रेत्यांना दिलासा मिळाला आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक नगावर ५ टक्के दर आला.

भांडवलाबद्दल पुस्तके सहसा एका वाक्यात बोलतात. वऱ्हाडात ते ऋतूंशी बांधलेले आहे. मिरची, हळद, गहू, तूर यांची खरेदी साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात करावी लागते, कारण तेव्हाच माल ताजा आणि भाव खाली असतो. विक्रीचा जोर मात्र श्रावणापासून दिवाळीपर्यंत. मधल्या महिन्यांत पैसा पोत्यांत अडकतो, आणि घरात शेती असेल तर त्याच काळात, जूनमध्ये, बियाणे-खताला हात पसरावा लागतो. एकाच तिजोरीतून शेती आणि धंदा दोन्ही चालवणाऱ्या घरात धंदा बुडतो तो बहुधा या टप्प्यावर, मालाला मागणी असूनही. बाजारपेठांवरचे पैसे माल पोचल्यावर काही दिवसांनी जमा होतात, त्यामुळे विक्री जितकी झपाट्याने वाढते तितका हात जास्त आखडतो. धंद्याचे खाते वेगळे ठेवणे, उन्हाळ्यात जुन्या गिऱ्हाइकांकडून दिवाळीची आगाऊ नोंदणी घेणे आणि पहिल्या दोन वर्षांत वस्तूंची संख्या पाच-सहाच्या पुढे न नेणे हे तीन उपाय कर्जापेक्षा आधी करून पाहण्यासारखे आहेत.

हा विषय आत्ताच मांडण्याची कारणे ठोस आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी होऊन त्याची गिनीज बुकात नोंद झाली. वर्षानुवर्षे रखडलेला रस्ता अखेर वाहता झाला. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्याआधी एप्रिलमध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. माल बाहेर जाण्याची वाट इतकी मोकळी यापूर्वी कधी नव्हती. पण त्याच वाटेने बाहेरचा मालही आत येतो. महानगरांत दहा-वीस मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांत जागा मिळते ती मोठ्या ब्रँडांना, आणि ‘घरगुती चवीचा’ ठेचा आता तेही विकतात. वऱ्हाडातल्या छोट्या विक्रेत्याकडे जो वेळ आहे तो या कंपन्यांनी त्याची चव उचलण्याआधीचा आहे. तोवर त्याचे नाव काही हजार घरांत पोचले तर तो टिकेल, कारण चव उचलता येते, पण मिरची कोणत्या शिवारातली हे विचारल्यावर फोनवर मिळणारे उत्तर उचलता येत नाही.

प्रस्तुत पुस्तक या वाचकासाठी आहे: ज्याची विक्री सुरू झाली आहे, महिन्याला पन्नास-शंभर पार्सले जातात, आणि पुढे काय हे ज्याला कळत नाही. लखपती होण्याच्या युक्त्या त्यात नाहीत. कोणत्या पडद्यावर कोणते बटण दाबायचे हेही सांगितलेले नाही, कारण ते पडदे दर काही महिन्यांनी बदलतात आणि बाजारपेठांच्या स्वतःच्या मदतपानांवर ते मराठीतही सापडू लागले आहे. वस्तू निवडण्यापासून तिचे वजन, खोका, भाव, परत, नाव, कर आणि पुन्हा येणारे गिऱ्हाईक इथपर्यंतचा विचार एका ओळीत करून दाखवणे एवढे काम त्याने अंगावर घेतले आहे. उदाहरणे मुद्दाम अमरावती-अकोल्याची घेतली आहेत. पुण्याच्या विक्रेत्याला लागू पडणारा सल्ला इथे पुष्कळदा लागू पडत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक दहा किलोमीटरवर असते आणि इथे पाचशेवर.

एका प्रश्नावर पुस्तक ठाम आहे, आणि वाचकाने त्याच्याशी वाद घालावा. ऑर्डरींची संख्या हे वाढीचे माप म्हणून त्याने नाकारले आहे. त्याऐवजी वर्षभरात दुसऱ्यांदा मागवणाऱ्या घरांची संख्या मोजावी असे त्याचे म्हणणे आहे. सवलत देऊन सणाला ऑर्डरी कितीही वाढवता येतात. दुसरी ऑर्डर मात्र माल वेळेवर पोचला, पाकीट फुटले नाही, चव तीच राहिली आणि फोन उचलला गेला तरच येते. ज्या विक्रेत्यांकडे हा आकडा लिहिलेला नाही, त्यांनी मागच्या वर्षाचे व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयचे तपशील काढून तो आधी तयार करावा आणि मग पुढची पाने वाचावीत. सोबत एक वजनकाटा, मोजपट्टी आणि आपल्या नेहमीच्या कुरिअरचा दरतक्ता असावा, कारण जवळपास प्रत्येक हिशेबात आपले आकडे भरण्यासाठी जागा सोडली आहे. कराचे दर, परवान्यांच्या मर्यादा आणि बाजारपेठांचे कमिशन बदलत राहते, म्हणून त्या त्या वेळचे आकडे सरकारी संकेतस्थळांवर किंवा आपल्या कर सल्लागाराकडे तपासूनच भाव ठरवावा.